मावशी, त्या ओहोटीच्या दिवसाबद्दल थँक यू

प्रिय मावशी,

तुम्ही बजावून सांगितलंत की माझं नाव कुठे टाकू नको, घरात सुना हसतील, म्हणून टाकत नाहीये, पण पाजपंढरीत आणि हर्णैच्या बाजारात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. नातवाकडून वाचून घ्या, आणि मधलं काही त्याने गाळलं तर एक धपाटा घाला त्याला.

कोरियातल्या एका चर्चची कॉलेजची मुलंमुली आमच्या हॉस्टेलवर आली होती, मिशन ट्रिपला. या ट्रिपचं टाइमटेबल साधारण ठरलेलं असतं, सकाळी प्रार्थना, मग गाणी, खेळ, क्राफ्ट, एखादी भिंत रंगवायची, ग्रुप फोटो. ती पोरं सगळं जीव तोडून करतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला दरवेळी एक गोष्ट खटकते, की ती मुलं कायम देणारी आणि आमची मुलं कायम घेणारी, आमच्यांनी ओळीत बसायचं, टाळ्या वाजवायच्या आणि शेवटी थँक यू म्हणायचं. एक दिवस बाहेर न्यायचा होता तर सगळ्यांचं एकच, सुवर्णदुर्ग दाखवा, होडीने जाऊ, सेल्फी काढू, परत येऊ. तुम्ही मासळी घेऊन आला होतात, किचनच्या दारात उभ्या राहून ऐकलंत आणि म्हणालात, "किल्ला काय पळून चाललाय? तिसऱ्यांना चला माझ्याबरोबर, पोरं कामाला तरी लागतील." म्हणजे खाडीच्या वाळूतल्या शिंपल्या काढायला.

मी वेळ विचारली तर तुम्ही बोटांवर मोजलंत. उद्या तृतीया, तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनला भरती पुरी आणि सकाळी साडेआठच्या सुमारास सुकती, सातला खाडीवर हजर राहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे आमच्या नववीच्या मुलांना माहीत नव्हतं, कारण पाऊणकी आता शिकवतं कोण? कोरियन मुलांनी लगेच मोबाईल काढून ॲपवर चेक केलं, थोड्या मिनिटांचा फरक. मग त्यातल्या एकाने 'तीन पाऊणे सव्वादोन' हे त्यांच्या लिपीत लिहून घेतलं आणि दिवसभर तेच बडबडत होता.

आंजर्ल्याच्या खाडीत उतरल्यावर तुमचं पहिलं वाक्य, "चपला काढा, आणि पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत घासत चला." वाळूत पाकट दबून बसलेली असते, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारते, पाय घासत गेलं की तिला चाहूल लागते आणि ती आपणहून सरकते, एवढं सगळं मला भाषांतर करून सांगायला चांगली पाच मिनिटं लागली. तुम्ही तेवढ्यात नुसतं चालून दाखवलंत आणि सगळी लाईन तुमच्यामागे पाय घासत निघाली. माझी गरजच नव्हती तिथे.

पण मला खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीचे. आमचा तो नववीतला मुलगा, खाडीकाठच्या वाडीतला, वर्गात तोंड उघडत नाही, इंग्लिश गेम सुरू झाला की भिंतीला टेकून उभा. तुम्ही त्याला वाळूकडे बघताना बघितलंत. वाळूवर शेजारीशेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरी असते, हे त्याला आधीच ठाऊक होतं, त्याने करवंटीने दोनदा उकरलं आणि मूठभर काढल्या. तुम्ही स्वतः पुढे होऊन शिकवू शकला असतात, पण तुम्ही कोयती त्याच्या हातात दिलीत आणि मोठ्याने म्हणालात, "हा सांगेल तसं करायचं सगळ्यांनी, मी बसते." आणि खरंच बसलात खडकावर! मग काय, कॉलेजची मुलं गुडघ्यावर चिखलात आणि हा त्यांच्या डोक्यावर उभा, "नो, नो, हिअर, स्लो" करत. बारीक तिसऱ्या कोणी टोपलीत टाकल्या की उचलून परत वाळूत. एवढं इंग्लिश त्याच्याकडे होतं हे मला इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं.

त्या ग्रुपमधली ती चष्मेवाली मुलगी आठवते ना? तिने तिसरी हातात घेतली आणि 'बाजिराक, बाजिराक' करून ओरडली. त्यांच्याकडे अशीच शिंपली मिळते, सूपात शेवया टाकून खातात. तिची आजी तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर असते, तिथे चिखलाची इतकी मोठी मैदानं आहेत की २०२१ मध्ये त्यातली काही युनेस्कोच्या यादीत गेली, आणि इंचॉनला भरती-ओहोटीत ९ मीटरपर्यंत फरक पडतो म्हणे, आपल्याकडे त्याच्या निम्माही नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "मग एवढं घरी असताना इथं कशाला आली?" मी ते भाषांतर केलं, ती पोट धरून हसली. जेजू बेटावर सत्तरीच्या बायका सिलिंडर न लावता समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढतात हेही तिने सांगितलं, त्यावर तुमचा प्रश्न, "आणि नवरे काय करतात?" त्याचं उत्तर तिला काही देता आलं नाही.

आमचे पाळकसाहेब मात्र त्या दिवशी फॉर्मात होते. त्यांनी काठावर उभं राहून टीमला इतिहास सांगायला घेतला, की परदेशी मिशनरी या किनाऱ्याला नवीन नाहीत, १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनचं काम बाणकोटला सुरू झालं, ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला इकडे बाणकोट-हर्णैला येऊन राहिले, आणि ज्यांची भजनं आम्ही चर्चमध्ये गातो ते ना. वा. टिळक १८६१ साली इथल्याच करजगावात जन्मले. तुम्ही टोपली धूत होतात, मान वर न करता म्हणालात, "ते साहेब मराठी कोणाकडून शिकले ते पण सांगा की." पाळकसाहेब दोन सेकंद गप्प. मी ते वाक्य टीमला जसंच्या तसं सांगितलं, अजिबात सौम्य केलं नाही.

दहाच्या सुमारास "पाणी वळलं कधीच, चला आता" म्हणून सगळ्यांना हाकललंत, कोणाची एक मिनिट थांबू म्हणायची टाप नव्हती. मग तुमच्या अंगणात तिसऱ्यांचं सुकं, आमसूल आणि भरपूर ओलं खोबरं घातलेलं, तांदळाची भाकरी. जेवणाआधी त्या मुलांनी प्रार्थना केली तेव्हा तुम्ही गॅस बारीक करून पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिलात आणि संपल्यावर तुमच्या देव्हाऱ्यापुढची उदबत्ती लावायला गेलात, कोणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलाव बघितला, बैलगाड्या पाण्यात जाऊन मासळी आणताना बघून पोरं वेडी झाली, व्हिडिओच व्हिडिओ.

आणि पैसे घेतलेत ते फार बरं केलंत. टीमच्या लीडरला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की खेड्यातली माणसं प्रेमाने खाऊ घालतात, पैसे देऊ नका, वाईट वाटतं. तुम्ही पानं उचलायच्या आधी हिशोब सांगितलात, तांदूळ इतके, नारळ इतके, माझा दिवसाचा धंदा बुडाला त्याचे इतके. तो आधी गडबडला, मग हसत हसत दिले. रात्री मीटिंगमध्ये म्हणाला की आख्ख्या ट्रिपमध्ये पहिल्यांदाच कोणी मला पाहुणा सोडून गिऱ्हाईक समजलं, बरं वाटलं. हे ऐकून तुम्ही काय म्हणाल ते मला माहितीय.

तो मुलगा आता वर्गात बोलतो असं काही मी लिहिणार नाही, अजून भिंतीलाच असतो. पण कोरियाच्या मुलांचा व्हिडिओ कॉल आला की ती सगळी आधी त्यालाच शोधतात.

एक काम आहे मावशी. परीक्षा संपल्या की हॉस्टेल बंद होईल, त्याआधी एकदा येऊन आमच्या मुलींना तिसऱ्या विळीवर कशा उघडायच्या ते नीट दाखवाल का, त्या दिवशी दोघींनी बोटं कापून घेतली. रिक्षा मी पाठवते. दिवसाचे किती ते नातवाला आधीच मेसेज करायला सांगा.

तुमची,
हॉस्टेलवाली ताई