"मी तर काहीच लिहिलं नाही"

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चालले आहे ते तू मला आपणहून दाखवलेस, याचे मला बरे वाटले. शेवटी मात्र "मी तर काहीच लिहिलं नाही" असे म्हणालीस, आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे. समोरासमोर बोललो असतो, तर आपण दोघींनीही एकमेकींना मध्येच तोडले असते.

त्या मुलीच्या फोटोचे कुणीतरी स्टिकर केले, त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि मग तिने स्वतःच "हाहा" लिहिले. ते तिचे हसू नव्हते, हे तुलाही कळले असणार. ग्रुपमध्ये आपल्या संदेशाची माहिती उघडली की तो कोणी कोणी वाचला याची यादी नावांसह दिसते, आणि ती सोय ग्रुपपुरती बंदही करता येत नाही. तिने ती यादी पाहिली असेल, तर वाचून गप्प राहिलेल्यांमध्ये तुझेही नाव तिला दिसले असेल.

मुलांमधील छळाचा पद्धतशीर अभ्यास डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात सुरू केला. छळ ओळखण्याच्या त्याने सांगितलेल्या खुणा तीन: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत. फोनवर एकाने एकदाच टाकलेले चित्र दहा जणांनी पुढे पाठवले की 'पुन्हा पुन्हा' ही अट आपोआप पुरी होते, आणि पाठवणाऱ्या प्रत्येकाला मात्र आपण एकदाच गंमत केली असे वाटत राहते. बळाचेही तसेच आहे. स्टिकर करणारा मुलगा काही फार दांडगा नसेल, पण इतके जण पाहून गप्प बसले, हेच त्याचे बळ झाले. शिवाय वर्गातले चिडवणे शाळा सुटली की निदान काही तास थांबते, हे मात्र रात्री उशाशी असते.

तू ग्रुपमध्ये भांडावेस, असे माझे म्हणणे नाही. चारचौघांत भांडण पेटले की बघ्यांना आणखी करमणूक मिळते, आणि पुढचे स्टिकर तुझे निघण्याची भीतीही खोटी नाही. तिला एकटीला लिही. सल्ला देऊ नकोस, फक्त "मला ते आवडलं नाही" एवढे कळव. स्टिकर कुणालाही पाठवू नकोस, मलासुद्धा नाही. मूळ संदेश तारखेसह जपून ठेवायला तिलाच सांग, कारण टाकणारा तो टाकल्यापासून साधारण दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसू शकतो.

मोठ्यांना सांगितले तर फोन जाईल, या धास्तीने बरीच मुले गप्प राहतात. (लांब राहायला गेलेली तुझी मैत्रीण याच फोनमुळे अजून तुझी मैत्रीण आहे, हे मी विसरलेले नाही.) तुझा फोन मी घेणार नाही. वर्गशिक्षिकांकडे जायचे की नाही हे आधी तिला विचार. ती हो म्हणाली, तर तुम्हा दोघींबरोबर मी येईन.

तुझी,
आई