उपदेश फक्त आयांनाच?

मा. संपादक,

कालच्या अंकातील पाळणाघरांवरचा लेख वाचला. दोनदा वाचला. चहा निवला, राग काही निवला नाही. लेखिकेचे म्हणणे असे की, आजकालच्या आया पोरांना पॅरासिटामॉल पाजून पाळणाघरात सोडून येतात आणि म्हणून आजार पसरतात. खोटे नाही. आमच्याही घरी एकदा झाले आहे, आणि औषधाची बाटली माझ्याच हातात होती. सुनेची रजा संपली होती. माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशने झालेली, सव्वादोन वर्षांच्या नातीमागे धावणे माझ्याच्याने होत नाही. तेव्हा "आजी घरीच असते ना?" हा प्रश्न कृपया कोणी पाठवू नये.

पण अर्ध्या पानाच्या लेखात पाळणाघरवाल्यांविषयी एक ओळही नसावी?

यंदाच्या पोळ्याचे सांगते. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्यासाठी, नातीला चाकांचा लाकडी बैल आणला होता. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर सुनेच्या जुन्या साडीच्या काठाची झूल. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलगी पाळणाघरातून आली ती लाळ गाळतच. वरण-भात नको, दूध नको, पाण्याचा घोट घेतला की रडे. रात्री ताप. सकाळी बघते तर तळहातांवर, तळपायांवर लाल फोड आणि जिभेच्या कडेला छाले. डॉक्टरांनी हात न लावताच ओळखले, हँड-फूट-माउथ. 2022 मध्ये केरळात ज्याला 'टोमॅटो फ्लू' म्हणाले, तोच हा प्रकार. टोमॅटोचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण तेव्हाचे मथळे वाचून मी आठवडाभर टोमॅटो आणले नव्हते.

विषाणूचा आजार, अँटिबायोटिक नको, चमच्या-चमच्याने गार पाणी पाजत राहा, आठ-दहा दिवसांत बरी होईल, असे डॉक्टर म्हणाले. मग विचारले, "पाळणाघरात आणखी कुणाला आहे का?" लागण झाल्यावर साधारण तीन ते सहा दिवसांनी लक्षणे दिसतात म्हणे. मी तिथूनच फोन लावला. पाळणाघराच्या ताई म्हणाल्या, "नाही हो आजी, आमची सगळी पोट्टी ठणठणीत आहेत. तुमचीच नाजूक आहे." संध्याकाळी दुसऱ्या एका आजींकडून कळले की तीन मुले आधीच आठवडाभर घरी होती. त्यातल्या एकीच्या आईने व्हॉट्सॲप ग्रुपवर तसे लिहिलेही होते. तो मेसेज दहा मिनिटांत काढून टाकला. का, तर म्हणे "पालक पॅनिक होतात."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर मारबतीची, म्हणजे रोगराई घालवायला काढतात त्या पुतळ्याची, मिरवणूक. "रोगराई घेऊन जा गे मारबत" चालले होते, आणि आमची रोगराई पलंगावर, बैल दाराशी. गल्लीतली पोरे आपापले बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायला आली तेव्हा ही खिडकीचे गज धरून बघत होती. मी आतूनच पैसे दिले आणि एकेकाला सांगितले, लांब राहा रे बाबा, हिला फोड आलेत. सांगायला मला अर्धे मिनिट लागले. ताईंना आठवडा पुरला नाही.

अकरा दिवस ती घरी होती. फीमधून एक रुपया कमी झाला नाही. उलट परत पाठवताना आमच्याकडूनच डॉक्टरांचे सर्टिफिकेट मागितले, "इतर मुलांचा विचार करावा लागतो ना!" गेल्या आठवड्यात आंघोळ घालताना हिच्या बोटाचे नख सुटून टॉवेलला लागले. माझा तर जीवच गेला. या आजारानंतर काही आठवड्यांनी असे होऊ शकते, नवे नख येते, हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा कुठे हातपाय थंड पडायचे थांबले.

तिथली स्वच्छता म्हणाल तर दारात कोविडपासून सॅनिटायझरची बाटली टांगलेली आहे. या विषाणूवर ते फारसे चालत नाही, साबण-पाणीच लागते. बऱ्या झालेल्या मुलाच्या शीतूनही तो कित्येक आठवडे जात राहतो, म्हणजे डायपर बदलणाऱ्या मावशींचे हात आले. मी चार वाजता आणायला जाते तेव्हा खिचडी झालेली असते आणि बदकाचे चित्र असलेल्या एकाच नॅपकिनने ओळीने सगळ्यांची तोंडे पुसणे चालू असते. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरातला मारहाणीचा प्रकार उघड झाला, तेव्हापासून पालक आधी कॅमेरे आहेत का ते विचारतात. आमच्या पाळणाघरात चार कॅमेरे आहेत. बेसिनवर साबणाची वडी मात्र मी अजून पाहिलेली नाही.

दाराशी एक फळा आणि खडू ठेवा, एवढेच मागणे आहे. 'काल एका मुलाला फोड आले', बस. नाव नको, गाव नको. पुढे पाठवायचे की नाही ते आम्ही ठरवू. आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी असे 2017 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत म्हटले आहे. सुनेच्या ऑफिसात शेकड्याने माणसे आहेत आणि सोय म्हणाल तर कॉफीचे मशीन आहे. लेखिकेने त्यांनाही दोन शब्द सुनवायला हरकत नव्हती.

सुनावणार कसे म्हणा! लेखाच्या बरोब्बर खाली एका प्ले-स्कूलची पाव पानाची रंगीत जाहिरात होती, 'प्रवेश सुरू'. लेखाचा टाइप मात्र इतका बारीक की मला भिंग घ्यावे लागले.

ता. क. नाव छापू नये. दिवाळीपर्यंतची फी भरलेली आहे.

— एक आजी, प्रताप नगर, नागपूर