परतीची वेळ आणि वॉम्बॅटची वेळ : न्यू साउथ वेल्सच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरणमंत्री,
न्यू साउथ वेल्स राज्य, सिडनी

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. ते मराठीत जाहीर करण्याचे कारण असे की, वेंटवर्थविल, टुंगॅबी, वेस्टमीड या सिडनीच्या पश्चिम उपनगरांतली आमची कितीतरी मराठी कुटुंबे शनिवार-रविवारी सिडनीच्या दक्षिणेकडच्या कांगारू व्हॅलीला जातात, आणि तिथल्या वॉम्बॅटना धडकणाऱ्या ज्या गाड्यांबद्दल मी लिहिणार आहे त्यांत आमच्याही गाड्या आहेत.

फिट्झरॉय फॉल्सचा धबधबा पाहायचा, बॅरेंगॅरीचा घाट उतरायचा, १८९८ साली बांधलेल्या हॅम्पडेन पुलावर फोटो काढायचे आणि ऊन कलले की बेंडीलाच्या नदीकाठच्या कुरणावर वॉम्बॅटची, म्हणजे कांगारूसारखेच पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याची, वाट पाहत बसायचे, हा आमच्या घरचा ठरलेला क्रम आहे. गेल्या जूनमध्ये माझी आई साताऱ्याहून आली होती. पहिला वॉम्बॅट सतरंजीपासून चार हातांवर आला तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, हे तर रानडुकराचं पिल्लू!" आणि सवयीने तिने डब्यातल्या पोळीचा तुकडा मोडला. माझ्या सात वर्षांच्या मुलीने तिचा हात धरला. "आजी, त्याला द्यायचं नाही, तो गवत खातो." मग अर्धा तास आम्ही त्याचे गवत उपटण्याचे करकर आवाज ऐकत बसलो. मुलीने एका दगडावर पडलेली त्याची चौकोनी लेंडीही आजीला दाखवली. पेढ्यांच्या दुकानात वड्या कापतात तशी, असे आईचे मत पडले.

जूनमध्ये इकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सोमवारी शाळा असते, म्हणून घाट चढायला सगळ्या गाड्या त्याच वेळी निघतात. वॉम्बॅटही त्याच वेळी बिळातून चरायला बाहेर पडतो, आणि रस्त्याकडेचे गवत त्याला आवडते. अंगाने तो ठेंगणा, रंगाने मातीसारखा. दिव्यांच्या उजेडात तो दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

एका वळणावर आमच्या पुढे तसाच एक पडलेला दिसला. मी गाडी बाजूला घेऊन दिवे लुकलुकते ठेवले, पण पुढे काय करायचे ते मला माहीत नव्हते. फोनला रेंज नव्हती. तेवढ्यात मागून आलेल्या छोट्या मालवाहू मोटारीतून एक स्थानिक बाई उतरल्या, गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी जनावराच्या मागच्या पायांमध्ये हात घातला. वॉम्बॅटच्या पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते, बीळ उकरताना तिच्यात माती जाऊ नये म्हणून. हे मी वाचले होते, पण त्या क्षणी आठवले नाही. पिशवीत बिनकेसाचे पिल्लू जिवंत होते आणि आचळ तोंडात घट्ट धरून होते. ते ओढून काढायचे नसते, त्याच्या तोंडाला इजा होते, असे त्या बाईंनी सांगितले आणि मेलेल्या आईसकट त्याला गाडीत घेतले. माझ्या आईने आपली शाल त्यावर टाकली. त्या पिल्लाचे पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही.

महोदय, त्या रस्त्यावर वॉम्बॅटचे चित्र असलेल्या पिवळ्या पाट्या मी पाहिल्या आहेत. त्या सावध करतात; पण धडक बसल्यावर काय करावे याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. आमच्यासारख्या नवख्या माणसाला, ज्याच्या गावी रस्त्यावर मेलेल्या जनावराला वळसा घालून पुढे जाण्याची रीत आहे, पिशवी तपासावी हे सुचणार तरी कसे? म्हणून माझी मुख्य मागणी साधी आहे. घाटात रेंज जाण्याच्या आधी आणि बेंडीलाच्या वाहनतळावर, पिशवी कशी तपासावी, पिल्लू कसे ऊबदार ठेवावे आणि वायर्ससारख्या वन्यप्राणी बचावसंस्थेचा कोणता क्रमांक लावावा, हे चित्रांसह सांगणारे फलक उभारावेत. चित्रे असली की भाषेचा प्रश्नही बराचसा मिटतो.

वेगमर्यादा ठरवणे परिवहन खात्याकडे आहे हे मला ठाऊक आहे; तरी आपण त्या खात्याशी बोलावे. टास्मानियात काही रस्त्यांवर सूर्यास्त ते सूर्योदय या काळासाठी कमी वेग सुचवणाऱ्या पाट्या आहेत. घड्याळाच्या तासांवर बांधलेली मर्यादा इथे उपयोगाची नाही, कारण जूनमध्ये पाचला होणारा अंधार डिसेंबरात आठनंतर पडतो. आम्हाला घरी पोचायला दहा-पंधरा मिनिटे उशीर झाला, तर डब्यातल्या उरलेल्या धपाट्यांवर निभावून नेऊ.

आई यंदाही जूनमध्ये येणार आहे आणि तिला पुन्हा तिथेच जायचे आहे. त्याआधी निदान वाहनतळावरच्या फलकाबद्दल आपला निर्णय कळावा, ही विनंती.

आपला नम्र,
वेंटवर्थविल येथील एक रहिवासी