अंदमानचा बेत

प्रिय आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

जानेवारीत अंदमानला जायचं ठरवलंत, फार बरं केलंत. टूरवाल्याने पाठवलेली यादी बघितली. पाच दिवसांत चौदा ठिकाणं! त्यातली निम्मी खोडून टाका. बेटांवरचा दिवस यादीवर चालत नाही, तो बोट, ओहोटी आणि सूर्य बघून आखायचा.

आधी सूर्याचं. घड्याळ आपलंच, पण अंदमान इतकं पूर्वेला आहे की जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चहा घेऊन पाचला राधानगरला निघालात तर अंधारच बघाल. हा किनारा स्वराज द्वीपच्या (म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या) पश्चिमेला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर. दुपारी तीनला गाडी काढा. काळापत्थर पूर्वेला आहे, तिथे पहाटे जायचं. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि खाज चार-पाच दिवस जात नाही. म्हणून वाळूत बसू नका, खुर्ची घ्या आणि पायांना खोबरेल चोळा.

शहीद द्वीपवर (आधीचं नील) लक्ष्मणपूरची दगडी कमान आहे. ती बघायला मेलेल्या प्रवाळाच्या खडकांवरून चालावं लागतं, तेही फक्त ओहोटीला. भरतीत वाट पाण्याखाली जाते. बाबा, तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणी हिशोब तिथे लावू नका. भरती तिथे वेगळ्या वेळी पोचते, त्यामुळे पोर्ट ब्लेअरचंच (आताचं श्री विजयपुरम) कोष्टक बघायचं. एक गोष्ट मात्र तीच: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात लांब हटतं, अष्टमीला भांग (म्हणजे मंद भरती-ओहोटी) असतो, तेव्हा फारसं उघडं पडत नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पाणी वाढायच्या आत परतता येईल. शेवाळ्यावर चप्पल सटकते; टाचेला पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल हवेत. खडकांत साचलेल्या डबक्यांत समुद्रकाकडी, शिंपले, छोटे मासे दिसतात. आई, तुझ्या गुडघ्यांना ही वाट झेपली नाही तर पहिल्या डबक्यापाशीच थांब. खरी गंमत तिथेच आहे, कमान लांबूनही दिसते.

पाण्याखालचं बघायला काचेच्या तळाची बोट पुरे. भरतपूरचा किनारा शहीद द्वीपच्या जेट्टीजवळच आहे. ऊन डोक्यावर असताना जा, तिरप्या उन्हात खालचं नीट दिसत नाही. हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणं आणि स्कुबा दोन्ही नकोत. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि खाली कानांवर दाब येतो. "काही होत नाही काका" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

छोट्या बोटीत चढताना-उतरताना खरी पडझड होते. बोट लाटेबरोबर वरखाली होते. ती वर येऊन जेट्टीच्या पातळीला आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी खलाशाकडे द्या. मोठ्या बोटीत खालच्या मजल्यावर मधली जागा मागा, तिथे हेलकावे कमी लागतात. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. कोणती, ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण काही गोळ्यांनी झोप आणि चक्कर येते.

बारातांगच्या चुनखडीच्या गुहा खोडा. मध्यरात्रीनंतर उठून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, पुढे बोट, मग चालणं. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. माणसं बघायला म्हणून तिथून जाणं मला पटत नाही.

सेल्युलर जेलला मात्र अख्खी सकाळ द्या. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या सात तिमजली इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत. प्रत्येक इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे होतं, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसूच नये. सावरकर 1911 ते 1921 इथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून. तरी सुरुवातीला भाऊ भावाला भेटू शकत नव्हता. सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. बाबा, जिने चढताना प्रत्येक मजल्यावर बसा. कोठडी साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद आणि झरोका हाताच्या खूप वर. आत जाऊन दोन मिनिटं उभे राहा. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढा. समोरचं रॉस बेट (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) बोटीने पंधरा मिनिटांवर आहे, आत बॅटरीवरची गाडी मिळते. बुधवार तेवढा टाळा.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच राहा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान चुकतं. औषधं दुप्पट घ्या, अर्धी हातातल्या पिशवीत. मूळ आधार कार्ड आणि रोख पैसे बरोबर हवेत, मोबाइलला रेंज कुठे असते कुठे नसते. शंख-शिंपले, प्रवाळ मात्र उचलू नका; कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

टूरवाल्याला पैसे भरायच्या आधी तारखा मला कळवा. कोष्टक बघून शहीद द्वीपचा दिवस मी सांगते, मग त्याभोवती बाकीचे बसवू.

तुमची,
धाकटी