कोमट नको

इंदिरानगर, नाशिक
रविवार, रात्री

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तुम्ही संगमनेरच्या आसपास असाल तेव्हा मी फोन केला, तो समीररावांनी उचलला. "सगळं ठीक बाबा, पिल्लू झोपलंय," म्हणाले. मला जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं. निघताना तू त्या जाड पिशवीत तयार बाटली भरलीस, कोमटच, ते मी पाहिलं होतं. पिल्लू सिन्नरच्या आधीच झोपणार, म्हणजे बाटली तशीच राहणार, म्हणजे संगमनेरला दोन तास होणार, असं गणित मी गॅलरीत बसून मांडत होतो. शेवटी आईने हाक मारली, "हिशेब पुरे, आमटी गार होतेय."

फोनवर आपलं जमत नाही. तू "हो बाबा" म्हणतेस आणि फोन कानापासून लांब धरलाय हे मला इथे कळतं. म्हणून कागद घेतला.

परवा रात्री मी बाटली गरम ठेवायच्या वॉर्मरचं बटण बंद केलं तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, हे तुमचं चिलिंग सेंटर नाही." आईला केवढं हसू आलं. बरोबर आहे, नाही ते माझं दूध गार करायचं सेंटर. तिथे निदान माझं कोणीतरी ऐकायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत तू माझ्याबरोबर सेंटरवर यायचीस, आठवतं? लॅबमधल्या उंच स्टुलावर बसून निळ्या नळ्या बघायचीस. १० मिली दूध, त्यात १ मिली निळं औषध, आणि नळी ३७ अंशाच्या पाण्यात. दूध चांगलं असलं तर पाच तासांनीही निळं. जंतू जास्त असले तर बघता बघता पांढरं. तू पैज लावायचीस, ही पांढरी होणार, ती नाही. टोपीवाल्या आजोबांच्या कॅनवर तू कायम पैज हरायचीस, कारण त्यांचा कॅन मळका दिसायचा आणि दूध मात्र पहिल्या प्रतीचं. घासून, उन्हात पालथा घालून आणायचा म्हातारा. दिवे गेले की जनरेटर सुरू होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा, तेव्हा तू शहाण्यासारखी माझा डबा उघडून मला पोळीचा घास द्यायचीस. सहा-सात वर्षांची असशील.

हे कुठल्या कुठे गेलं. सांगायचं होतं ते असं की नळ्या ३७ अंशालाच का ठेवायच्या, हे तूच मला विचारलं होतंस. मी म्हणालो होतो, जंतूंना तिथेच सर्वांत बरं वाटतं. तुझा वॉर्मर रात्री दहाची बाटली दोन वाजेपर्यंत जवळपास तिथेच धरून ठेवतो. माझं भांडण एवढंच. दूध गार असू दे, नाहीतर गरम करून लगेच पोटात जाऊ दे. मधल्या मधे पडून राहायला नको.

आता पावडरचं. डबा सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू निघतो. क्वचितच, पण अगदी लहान बाळांना तो फार वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं की पावडर कालवताना पाणी ७० अंशांच्या खाली नको, म्हणजे पावडरीतलेही जंतू मरतात. आमच्याकडे जंतू मारायला दूध ७२ अंशाला १५ सेकंद जायचं, म्हणून मला तो आकडा ओळखीचा वाटतो. तुझ्या डब्यावर कोमट पाणी लिहिलंय, हे मी चष्मा लावून वाचलं, तुझं खरं. काही पावडरींत चांगले जंतू मुद्दाम घातलेले असतात आणि ते गरम पाण्यात मरतात, हेही खरं. तेव्हा तिथल्या डॉक्टरांना डबा दाखवून एकदा स्पष्ट विचारून घे. सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन महिन्यांत आणि दिवस न भरलेल्या बाळांना असतो, आपली पोर त्यातून पार पडली. हे मी स्वतःला रोज सांगतो. उपयोग होत नाही.

तुमच्या सोसायटीत टँकर येतो. आरओचं पाणी असलं तरी खळखळून उकळवच. लिटरभर उकळलंस की अर्ध्या तासाच्या आत वापर, त्यानंतर ते ७० च्या खाली जातं. थोडंसंच उकळलंस तर त्याहून लवकर निवतं. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात मी थर्मामीटर ठेवलाय, डिजिटल आहे, पाऱ्याचा नाही, रागावू नकोस. आधी पाणी, मग पावडर. चमचा त्याच डब्यातला, सपाट, दाबून भरायचा नाही. तुझ्या डब्याला ३० मिलीला एक. रडतेय, भूक भागत नाही म्हणून एक जास्त घालायचा नाही, घट्ट दूध तिच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला जड. डबा लवकर संपतो म्हणून कमीही घालायचा नाही. मग झाकण लावून बाटली गार पाण्याच्या पातेल्यात उभी कर, पाणी बुचाच्या खाली राहील इतकं. जानेवारीत नळाचं पाणी पाच-दहा मिनिटांत काम करतं. मनगटावर थेंब टाकून बघ. मायक्रोवेव्हमध्ये नको, बाटली बाहेरून थंड लागते आणि आत मधोमध दूध चटका देणारं असतं.

हे बघ, पुन्हा भाषण झालं. बाटल्या उकळण्याबद्दल तर मी एक अक्षरही लिहिणार नाही, ते तू माझ्यापेक्षा नीट करतेस. चिमट्याशिवाय बुचाला हात लावत नाहीस हे मी दारातून पाहिलंय. रात्री तीनला पोर खांद्यावर, एका हाताने चमचे मोजतेस आणि मोजताना ओठ हलतात, दहावीच्या गणिताला हलायचे तसेच. मी पाणी प्यायला उठलोय असं दाखवून उभा होतो. काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, फार छान करतेस म्हणून.

आणि त्या वाक्याचं मनाला लावून घेऊ नकोस. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. तू डबा फिरवून ती बाजू भिंतीकडे करून ठेवायचीस. अगं, ते छापणं १९९२ च्या कायद्याने सक्तीचं आहे. त्याच कायद्याने डब्यावर गोंडस बाळाचं चित्र छापायलाही मनाई आहे, कारण एके काळी कंपन्या चित्रं दाखवून चांगलं अंगावर पाजणाऱ्या आयांनाही डबा विकायच्या. तो दम कंपनीला आहे. तुला कोणी काही म्हणत नाहीये. सिन्नरची आत्या म्हणाली, पण ती काय, ती सगळ्यांना म्हणते.

रात्रीसाठी मला दोनच रस्ते दिसतात. एक, थर्मासमध्ये गरम पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर, रडली की कालवायचं. थर्मास चांगला हवा, दोन वाजता थर्मामीटर घालून बघ. दुसरा, संध्याकाळी दोन बाटल्या कालवून लगेच गार करून फ्रिजमध्ये मागे, दारात नाही, दार सारखं उघडतं. फ्रिज ५ अंशांच्या खाली असला तर २४ तास चालतं. मग पाजायच्या वेळी वॉर्मर लाव, पंधरा मिनिटांच्या आत काढ, आणि तीच बाटली पुन्हा गरम करू नकोस. म्हणजे वॉर्मर वाया गेला नाही, समीररावांच्या ताईंनी दिलाय, मला माहीत आहे. प्रवासातही तेच, थर्मास वेगळा, पावडर वेगळी.

उरलेलं टाकायचं. निम्मी बाटली उरली तरी टाकायची, तिची लाळ त्यात गेलेली असते. ताटात चार शितं उरली तर तुला उठू न देणारा बाप हे सांगतोय, तेव्हा गंभीर समज. परवा तू ती अर्धी बाटली ओट्यावर ठेवलीस, मागाहून देऊ म्हणून, तेव्हा मला माझ्याच शिकवणीचा राग आला. उद्यापासून तू ऑफिसला, दिवसा त्या मावशी. त्यांच्या घरात तर अन्न टाकणं पाप असेल, तेव्हा त्यांना आधीच नीट सांग, ओरडून नको. आणि मध चाटवायचा नाही, वर्षाचं होईपर्यंत, हेही सांग. इथे आईला समजवायला मला दिवाळीपासून संक्रांत लागली.

बोरन्हाण तिकडेच करू म्हणतेस तर तसं. हलव्याचे दागिने आईने रविवार कारंजावरून आणलेत, मुकुट जरा मोठा होईल. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आम्ही घेऊन येतो. मुलं गोळा करायचं काम तुझं. तिच्या तोंडात कोणी तिळगूळ कोंबणार नाही हे मी बघतो, त्या दिवशी मला दुसरं काम ठेवू नकोस. आणखी काय आणायचं ते आईलाच फोनवर सांग. मला सांगितलंस तर मी पुन्हा विचारीन, रात्री पाणी किती अंश होतं.

समीररावांना नमस्कार. पिल्लूचा पापा.

तुझे
बाबा

ता. क. नवा डबा उघडलास की उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिही. आतल्या चमच्याला ओला हात नको. तू लिहितेसच म्हणा.