'भुलले' म्हणू नका

महोदय,

अमेरिकेतले कामगार ट्रम्प यांच्या भडक भाषणांना 'भुलले', हे आपल्या अग्रलेखातले वाक्य खटकले. त्यांची कामे बोल्ट खोलून इकडे आणणाऱ्यांपैकी मी एक आहे.

२००७ च्या हिवाळ्यात कंपनीने आम्हा तिघांना ओहायोतल्या ट्रम्बुल काउंटीत पाठवले. तिथला सुट्या भागांचा कारखाना बंद व्हायचा होता, तिथली प्रेस मशीन चाकणला यायची होती. माझ्या जोडीला दिलेला फिटर तीस वर्षांचा जुना. पॅनेलमधली प्रत्येक वायर सोडण्याआधी तिला पांढरी टेप गुंडाळून नंबर घालायचा. तिकडे तुमचा गोंधळ नको, म्हणायचा. चार नंबरच्या प्रेसचा क्लच थंडीत घसरतो, हेही त्यानेच सांगितले. (चाकणला कसली तशी थंडी! पण लिहून घेतले.) 'नाफ्टा'वर (मेक्सिको-कॅनडाशी झालेल्या मुक्त व्यापार करारावर) सही करणारे क्लिंटन आपल्याच पक्षाचे, हे तो जेवणाच्या सुट्टीत रोज उगाळायचा. तरी मत बापापासून डेमोक्रॅटिकलाच, कारण ते युनियनच्या हॉलमध्ये ठरायचे.

कारखाना गेला तशी युनियनची शाखा गेली, हॉलला कुलूप लागले. हे त्याच्याच ईमेलवरून कळले. अग्रलेखात याचा उल्लेखही नाही. २०१२ मध्ये ओबामांना मते देणारी ही काउंटी २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेली. त्याआधी तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला होता तो १९७२ मध्ये.

बरे, ट्रम्प यांनी तरी काय दिले? २०१७ मध्ये शेजारच्या यंगस्टाउनला येऊन 'घरे विकू नका, नोकऱ्या परत येताहेत' म्हणाले. मार्च २०१९ मध्ये याच काउंटीतल्या लॉर्ड्सटाउनच्या जनरल मोटर्स कारखान्यातून शेवटची मोटार बाहेर पडली. तरी २०२० मध्ये ते तिथे आणखी मोठ्या फरकाने जिंकले. नुसता भुललेला माणूस एवढ्याने भानावर आला असता. मला वाटते, तुमच्यावर अन्याय झाला हे कोणीतरी तोंडाने म्हटले, त्यासाठी दिलेले ते मत होते. समोरचे डेमोक्रॅट सांगत होते, नवे काही शिका. आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी १९६२ पासून सरकारी योजना होती खरी. पण पन्नाशी उलटलेल्या फिटरला कॉम्प्युटरच्या वर्गात बसवून काय साधणार? २०२२ मध्ये तिचे नवे अर्ज घेणेही थांबले.

मी निवृत्त झालो तेव्हा चार नंबरच्या पॅनेलमध्ये ती टेप तशीच होती. पिवळी पडलेली, नंबर त्याच्या अक्षरातले.

– एक निवृत्त मेंटेनन्स इंजिनिअर, चिंचवड