गालफुगीची लस आमच्या लेकरांना का नाही? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहते. घरची कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. माझी दोन्ही लेकरं गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकतात आणि पालकांमधून मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. यंदा कापसाच्या वेचणीपासून हरभरा सोंगेपर्यंत आमच्या गावात घरोघरी गालफुगी होती. आपल्या खात्याच्या कागदात तिला गालगुंड म्हणतात. तिच्यावर लस आहे, पण ती सरकारी लसीकरणात मिळत नाही. ती मिळावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात चौथीतल्या एका पोरापासून झाली. कानाखाली सूज आली, थोडा ताप आला. घरच्यांना वाटलं दाढ दुखत असेल. पोरगं दोन दिवस घरी राहिलं आणि गाल तसाच सुजलेला असताना शाळेत आलं, कारण आईबाप वेचणीला गेले की घरी त्याच्याजवळ बसायला कोणी नव्हतं. मग दोन-अडीच आठवडे काहीच झालं नाही. सगळे विसरूनही गेले. त्यानंतर एकाच आठवड्यात त्याच्या वर्गातल्या पाच-सहा पोरांचे गाल सुजले, मग त्यांच्या घरच्या धाकट्यांचे, मग दुसरी-तिसरीच्या वर्गातले.

हा आजार असाच चालतो, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. विषाणू थुंकीतून, खोकल्यातून, उष्ट्या पेल्यातून जातो. लागण झाल्यापासून गाल सुजेपर्यंत साधारण १६ ते १८ दिवस जातात, कधी २५ पर्यंतही. सूज दिसायच्या दोन दिवस आधीपासून ते लेकरू दुसऱ्यांना आजार देत असतं आणि सूज आल्यावर पाच दिवस देत राहतं. काहींचा गाल सुजतच नाही, पण त्यांच्यापासूनही लागण होते. म्हणजे आईला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन खोल्यांच्या घरात, एका चटईवर निजणाऱ्या लेकरांना वेगळं कुठं ठेवायचं? एकाची सूज उतरली की दुसऱ्याचा कान दुखू लागतो. तीन लेकरं असली तर त्या घरात दीड-दोन महिने हेच चालतं.

शाळेतही पाण्याच्या टाकीवर एकच पेला होता आणि खिचडीला सगळे मांडीला मांडी लावून बसत. समितीच्या सभेत आम्ही पेला काढून टाकला, प्रत्येकाने घरून बाटली आणायची असं ठरवलं. ज्यांच्याकडे बाटली नव्हती ती पोरं ओंजळीने पाणी प्यायली. सुजलेल्या गालाच्या पोरांना घरी ठेवा म्हणून सरांनी दारोदार जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकलं, पण त्याची किंमत मोजली. वेचणीची मजुरी किलोवर असते. बाई घरी बसली की त्या दिवसाचा एक पैसा हाती येत नाही. आणि लेकरू घरी राहिलं की त्याचं शाळेतलं दुपारचं जेवणही बुडतं, हे फारसं कोणी बोलत नाही, पण आमच्या गावात काही घरांत ते जेवण मोजूनच चूल पेटते.

घरात नुसतं बसूनही भागत नाही. ज्याला गालफुगी झाली त्याला जबडा हलवता येत नाही. भाकर चावता येत नाही. आंबट तोंडात गेलं की गालात अशी कळ उठते की लेकरू किंचाळतं, त्यामुळे कढी नाही, चिंचेचं वरण नाही, लोणचं तर नाहीच. शेजारची सहा वर्षांची पोर वाटीतल्या पेजेकडे पाहत म्हणत होती, “गियल्या जात नाही वं माय.” तिची आई दर तासाला चमच्याने पेज भरवायची, तीही निम्मी ओघळून फ्रॉकवर सांडायची. कोणी चुना-हळद लावली, कोणी गेरूचा लेप दिला. त्याने बिघडलं काही नाही, पण बरंही कोणी झालं नाही. पैसे गेले ते इंजेक्शनात आणि सलाईनमध्ये. गालफुगीवर रामबाण औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मऊ अन्न आणि आराम, एवढाच उपचार आहे. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग होत नाही. हे गावात कोणीतरी येऊन आधीच सांगितलं असतं तर कितीतरी घरांचे पैसे वाचले असते.

“गालफुगीनं कोणी मरत नाही,” असं सगळेच म्हणतात. ते बहुतेक खरंच आहे, आणि बहुतेक लेकरं आठ-दहा दिवसांत बरीही होतात. माझ्या समजुतीप्रमाणे याच कारणाने ही लस सरकारी यादीत आली नाही. पण मरण येत नाही म्हणजे काही होत नाही, असं नाही. वयात आलेल्या मुलांना आणि पुरुषांना हा आजार झाला तर अनेकांच्या अंडकोषाला, म्हणजे वृषणाला, सूज येते. आमच्या घरातल्याच एका तरुणाला ती आली. तो चार दिवस खाटेवरून उठला नाही आणि काय दुखतंय हे कोणालाच सांगेना. पाठ धरली म्हणाला. लग्नाचं वय, स्थळं पाहणं सुरू, बाहेर कळलं तर काय, ही भीती. डॉक्टरांनी सांगितलं की यातून पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं, तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर रंग आला. पण किती तरुण असे दुखणं दाबून पडून राहत असतील? आशाताई बाई आहेत, त्यांना हे कोण सांगणार? कधी मेंदूच्या आवरणालाही सूज येते. आणि क्वचित, अगदी क्वचित, ऐकू येणं जातं.

त्या क्वचितमध्ये माझी मुलगी आहे.

ती चौथीत आहे. तिचा गाल आठवड्यात उतरला, ती शाळेतही जाऊ लागली. काही दिवसांनी तिच्या मामाचा फोन आला. तिने फोन नेहमीप्रमाणे उजव्या कानाला लावला आणि म्हणाली, “आई, मामाचा आवाजच नाही येऊन राहिला.” मला वाटलं रेंज नसेल. मी फोन घेतला तर भाऊ व्यवस्थित बोलत होता. पुन्हा तिच्या कानाला दिला, पुन्हा तेच. मग मी तिच्या मागे उभी राहून उजव्या बाजूने हळूच हाक मारली, तर तिने डावीकडे वळून पाहिलं. जिल्ह्याच्या ठिकाणी कानाची तपासणी केली. उजवा कान आतून गेला आहे आणि तो परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डावा चांगला आहे. वर्गात तिला उजव्या भिंतीकडे बसवा, म्हणजे डावा कान सरांकडे राहील, असं ते म्हणाले. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कोणत्या बाजूने येतो ते कळत नाही, हेही त्यांनीच समजावलं. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत आहे. पाचवीला तिला डांबरी रस्त्याने दुसऱ्या गावी जायचं आहे आणि त्या रस्त्यावर कापसाचे ट्रक चालतात.

डॉक्टरांनी विचारलं, “हिला एमएमआर दिली होती का?” मी पिशवीतून लसीचं कार्ड काढून पुढे ठेवलं. जन्मानंतरची बीसीजी, पोलिओचे डोस, पेंटाव्हॅलंट, गोवराची लस, डीपीटीचे बूस्टर, आणि वर २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेतली एमआर. एकही रकाना रिकामा नव्हता. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाले, “तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. यात गालगुंडाची लस नसतेच.”

महोदय, मला त्या दिवशी जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. पण आपल्या नर्सबाईंवर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहिते. पावसाळ्यात नाल्याला पूर असताना त्या लसीची पेटी डोक्यावर घेऊन आमच्या गावात आल्या आहेत. त्यांच्या पेटीत जी लस वरून येत नाही ती त्या कुठून देणार?

सरकारी लसीकरणात ९ ते १२ महिन्यांना आणि १६ ते २४ महिन्यांना एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची लस त्यात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स मात्र गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची मिळून एमएमआर सुचवते, ९ महिन्यांना, १५ महिन्यांना आणि ४ ते ६ वर्षांदरम्यान. यवतमाळ-नागपूरला खासगी दवाखान्यात जाणाऱ्यांची मुलं ती घेतात. आमच्याकडून ती घ्यायची तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला जा, गाडीभाडं, डॉक्टरांची फी आणि लसीचे पैसे द्या, म्हणजे एका मात्रेला बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी. मुळात अशी लस असते हेच गावात कोणाला माहीत नव्हतं. कार्ड भरलं की आपलं कर्तव्य झालं, असं आम्ही समजत होतो, कारण आम्हाला तसंच सांगितलं गेलं.

ही लस काही परदेशातून मागवायची नाही. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट एमएमआर बनवते आणि ती बाहेरच्या देशांनाही जाते. जगातल्या शंभराहून अधिक देशांच्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस आहे. आपल्याच देशात दिल्ली सरकारने १९९९ पासून बरीच वर्षं राज्याच्या कार्यक्रमातून एमएमआर दिली होती. म्हणजे राज्याने मनावर घेतलं तर होतं. राष्ट्रीय वेळापत्रक केंद्र ठरवतं आणि त्यासाठी तज्ज्ञांचा सल्लागार गट आहे, हे मला ठाऊक आहे. पण महाराष्ट्रासारख्या राज्याने जोर लावला तर तो गट ऐकणार नाही का? आणि केंद्राचं ठरेपर्यंत आपण राज्याच्या तिजोरीतून सुरुवात करू शकता. नवी यंत्रणा लागत नाही. एमआरच्या जागी एमएमआर द्यायची आहे, सुईही तेवढीच आणि फेरीही तीच. मोठ्या लेकरांसाठीही वाट आहे. ५ ते ६ वर्षांना डीपीटीच्या दुसऱ्या बूस्टरला ती येतातच, त्याच दिवशी ही द्यावी.

एक धोका मात्र जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितला आहे. ही लस अर्ध्यामुर्ध्यांना देऊन थांबलं तर आजार लहान वयातून सरकून मोठ्या वयाकडे जातो, आणि मोठ्या वयात तो जास्त त्रास देतो. म्हणून गोवर-रुबेलाची लस ज्यांना ८० टक्क्यांच्या वर टिकवता येते त्यांनी ही सुरू करावी, असा तिचा सल्ला आहे. आज पैसेवाल्यांची मुलं घेतात आणि आमची घेत नाहीत, म्हणजे अर्धवट देण्याचा तो प्रकार आपोआप चालूच आहे. सुरू करायची तर सगळ्यांना आणि कायम द्यावी. गावं मागे राहतील अशी शंका असेल तर २०१८ ची मोहीम आठवावी. तेव्हा फोनवर नाही नाही त्या अफवा फिरत होत्या. तरी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आया लेकरांना घेऊन रांगेत उभ्या होत्या. मीही कडेवर हीच मुलगी घेऊन उभी होते.

लस येईपर्यंतही करण्यासारखं बरंच आहे. गाल सुजल्यापासून पाच दिवस लेकरू घरी राहील आणि त्याची हजेरी, परीक्षा बुडणार नाही, असं परिपत्रक शिक्षण खात्याशी बोलून काढावं. त्या पाच दिवसांचा पोषण आहाराचा शिधा घरी द्यावा. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा तांदूळ-डाळ घरी दिली होती, त्यामुळे हे जमत नाही असं कोणी म्हणू शकत नाही. एखाद्या शाळेत दोन-तीन गाल सुजले की सरांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं आणि तिथून माणूस यावा. आमच्या गावातून एकही नाव वर गेलं असेल असं मला वाटत नाही, कारण गालफुगीसाठी सरकारी दवाखान्यात कोणी गेलंच नाही. नोंद नसेल तर हा आजार किती घरांत फिरला हे केंद्राला कशावरून दाखवणार?

आणि सगळ्यात आधी एक करावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. यंदा जिथे जिथे गालफुगी झाली त्या शाळांत त्यांनी पुन्हा यावं आणि ज्यांना ती झाली त्या प्रत्येक लेकराचे दोन्ही कान वेगवेगळे तपासावेत. एक कान गेला तर लेकरू बोलत नाही, त्याला स्वतःलाही ते चटकन कळत नाही. मामाचा फोन आला नसता तर मलाही कळलं नसतं. आमच्या तालुक्यात अशी आणखी लेकरं वर्गाच्या चुकीच्या बाजूला बसलेली असतील आणि सर त्यांना लक्ष देत नाही म्हणून रागावत असतील.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं, ही विनंती. समितीची सभा दर महिन्याला होते. आपलं उत्तर मी तिथे वाचून दाखवीन आणि गावातल्या आयांनी त्यावर जे म्हटलं ते आपल्याला कळवीन.

आपली विश्वासू,
एक पालक, सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती
ता. घाटंजी, जि. यवतमाळ